परसबागेतील गावरान ज्वारी

गावरान ज्वारी म्हणजे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जतन केलेले ज्वारीचे (शास्त्रीय नाव: सॉर्घम बायकलर) स्थानिक वाण होत. महाराष्ट्रात मालदांडी, दगडी, गुळभेंडी, कुचकुची इत्यादी वाण परिचित आहेत. पैकी शेवटचे दोन हुरड्यासाठी प्रसिद्ध आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे.

लागवड

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करतात. परसबागेत दोन ओळींत ४५ सेंमी व दोन रोपांत १५ सेंमी अंतर राखून बी सुमारे ५ सेंमी खोल टोकतात. एका चौरस मीटरमध्ये साधारण १५ ताटे मावतात. खोडमाशीच्या अळीने पोंगा वाळलेली रोपे विरळणीच्या वेळी उपटून नष्ट करतात. दाणे भरू लागताच पाखरांपासून रक्षणासाठी कणसांवर कापडी पिशव्या बांधतात.

बियाणे राखणे

ज्वारीत मुख्यतः स्वपरागीभवन होत असले, तरी काही अंशी परपरागीभवनही होते. जवळपास संकरित ज्वारी असल्यास वाणाची शुद्धता ढळते. म्हणून फुलोऱ्यापूर्वीच निवडक कणसांवर कागदी पिशव्या चढवितात. हुरडा कोवळ्या दाण्यांचा असल्याने त्यापासून बी मिळत नाही. त्यासाठी काही उत्तम कणसे ताटावरच पूर्ण पक्व होऊ द्यावी लागतात. अन्यथा वाण त्याच हंगामात संपतो.

दक्षता

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत धुरिन हे द्रव्य असते. त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल निर्माण होऊन जनावरांना प्राणघातक विषबाधा होऊ शकते. ग्रामीण भागात यास ‘किराळ लागणे’ म्हणतात. त्यामुळे विरळणीत उपटलेली रोपे गुरांना घालू नयेत.