जे टिकलं, तेवढंच घडलं का?

हातात आलेला पुरावा काय सांगतो, हे आपण लगेच बघतो. पण तो टिकला कसा, हे विचारायचं राहून जातं. फिलिपिन्सच्या युद्धपटांचं उदाहरण घेऊ.

१८९९ मध्ये फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलं. त्याच वर्षी एडिसनच्या कंपनीने या लढायांचे छोटे मूकपट काढले. चित्रीकरण झालं न्यू जर्सीत. पडद्यावर पळ काढणारे ‘फिलिपिनो’ सैनिकसुद्धा अमेरिकेतलेच! हे नकली युद्ध आजही बघायला मिळतं. कारण साधं आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेत चित्रपटाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता. म्हणून कंपन्या फिल्म कागदावर छापून, छायाचित्रं म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जमा करायच्या. फिल्म नासली तरी कागद राहिला.

आता दुसरी बाजू. सेवेरिनो रेयेस यांचं ‘वालांग सुगात’ हे संगीत नाटक १९०२ मध्ये रंगमंचावर आलं. नावाचा अर्थ ‘जखम नाही’. स्पेनविरुद्ध १८९६ मध्ये झालेल्या उठावात गेलेला नायक मरणासन्न असल्याचं सोंग घेतो, प्रेयसीशी लग्न लावतो आणि ठणठणीत उठून उभा राहतो. १९३९ मध्ये यावर चित्रपट निघाला. म्हणजे फिलिपिनो लोकांनी स्वतः सांगितलेली आपल्या लढ्याची गोष्ट. तो आज उपलब्ध नाही.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. उष्ण, दमट हवेत ती विघटित होते. त्यातून निघणारी आम्लं हीच प्रक्रिया आणखी वेगाने पुढे नेतात. पेटली तर पाण्याखालीही जळते. त्यात १९४५ च्या लढाईत मनिला शहर बेचिराख झालं. युद्धाआधीच्या शेकडो फिलिपिनो चित्रपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

मग हरवलेल्या चित्रपटावर संशोधन करायचं कसं? नाटकाची संहिता आहे, तिच्यावरून कथानक कळतं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती शोधता येतात. १९५७ मध्ये याच नाटकावर पुन्हा चित्रपट निघाला, तोही बघावा. पण त्यातली दृश्यं १९३९ च्या खात्यावर मांडायची नाहीत. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं होतं, देश स्वतंत्र झाला होता.

विज्ञानात आपण गहाळ नोंदींची कारणं तपासतो, कारण त्या बहुधा सहज गहाळ झालेल्या नसतात. इथेही तेच. फक्त उरलेल्या रिळांवरून इतिहास लिहिला, तर त्यात फिलिपिनो माणूस कायम पळतानाच दिसेल.