चिलगव्हाणचे साहेबराव

खरं तर या शनिवारी यवतमाळच्या शकुंतला रेल्वेवर लिहायचं ठरवलं होतं. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ती छोटी गाडी, माझा आवडता विषय. पण माहिती काढता काढता १९८६ सालापाशी आलो आणि तिथेच अडकलो. तेव्हा शकुंतला पुढच्या खेपेला.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बंद पडला की नवखा पोरगा लॉगची शेवटची ओळ वाचतो आणि तिथेच डोकं धरून बसतो. मुरलेला माणूस वर वर सरकत जातो, कारण घोटाळा बहुतेक वेळा पाचशे ओळी आधी झालेला असतो. साहेबराव करपे यांच्या बाबतीत आपण सगळेच नवखे आहोत. शेवटची ओळ तेवढी पाठ.

ती ओळ अशी. १९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव. तिथले शेतकरी साहेबराव करपे पत्नी मालती आणि चार मुलांना घेऊन वर्धा जिल्ह्यात गेले आणि पवनारजवळ दत्तपूरला त्या सहाही जणांचं आयुष्य संपलं. शेतकरी म्हणून जगणं आता शक्य नाही, अशा अर्थाची चिठ्ठी मागे राहिली. बाकी तपशिलात मी शिरणार नाही. एक मात्र बोलून टाकतो. त्या पोरांना कोणी विचारलं होतं? साहेबरावांबद्दल कितीही वाईट वाटलं तरी हा प्रश्न टोचतो, आणि टोचायलाच हवा.

आता जरा वर सरकू.

साहेबराव म्हणजे हातावर पोट असलेला, दोन एकरांचा धनी नव्हे. जमीन बऱ्यापैकी, ओलिताची सोय, विजेचा पंप. गावाने त्यांना अनेक वर्षं सरपंच केलं होतं. गाण्याची जाण होती, भजनं म्हणायचे. म्हणजे ज्याच्याकडे चार लोक सल्ला विचारायला जातात, असा माणूस. 'आळशी असतील, दारू पीत असतील, लग्नात उधळले असतील' हे आपल्या शहरी गप्पांतलं ठरलेलं निदान इथे लागू पडत नाही. (हे निदान मी स्वतः ऑफिसच्या कँटीनमध्ये निदान दहा वेळा तरी ऐकलंय, आणि दोनदा गप्प बसलोय.)

ओलिताचा शेतकरी म्हणजे काय, हे पुण्यात वाढलेल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे पावसावरची शेती ती कोरडवाहू आणि विहिरीच्या पाण्याची ती ओलीत. कोरडवाहूवाल्याचं वर्ष उन्हाळ्यात वखरणीपासून सुरू होतं. मग मृगाची पेरणी, डवरणी, निंदण, आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी. वेचणीच्या आधी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच पऱ्हाटीला हात लावायचा. कापूस घरात आला की कोरडवाहूवाला जरा टेकतो. ओलीतवाला टेकत नाही. त्याचा गहू नेमका तेव्हा सुरू होतो, आणि गव्हाला पाणी द्यायचं तर लाईन असेल तेव्हा. ती बहुधा रात्री. थंडीत, कंदील घेऊन, चिखलात उभं राहून दांड फोडायचे. माझ्या वडिलांच्या काकांकडे दिग्रसजवळ अशी शेती होती. त्यांच्या तळपायांच्या भेगा मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात.

तर सरकार, कृषी खातं, रेडिओ तेव्हा जे जे सांगत होते, ते हा माणूस करत होता. पंप बसवा, एकाच पिकावर राहू नका, मेहनत करा. पण पंप आला की बिल आलं. पूर्वीचा शेतकरी पावसाचा आणि सावकाराचा देणेकरी होता, पंपवाला त्याशिवाय वीज मंडळाचाही झाला. साहेबरावांचं वीजबिल थकलं, जोडणी तोडली गेली, उभं पीक वाळलं. एका हंगामाचे पैसे गेले की पुढचा हंगाम उभा करायचा कशावर?

पण बिल थकलं कशाने, हा त्याच्याही वरच्या ओळींतला प्रश्न आहे. कापसाचं बघा. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. विकायचा तो सरकारी केंद्रावरच. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी तिकडे बंडी न्यायची सोय नाही. योजनेमागचा हेतू व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवण्याचा होता आणि काही वर्षं तिचा आधारही झाला, हे मान्य करायला हवं. पण आपला माल कुठे विकायचा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला स्वतंत्र शेतकरी म्हणायचं कसं? शरद जोशींची शेतकरी संघटना तेव्हा नेमकं हेच विचारत होती. जमीनधारणेचा कायदाही तसाच. १९७५ च्या दुरुस्तीनंतर कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा आणि बारमाही ओलिताला १८. कारखानदाराला अशी मर्यादा नव्हती. कमाल जमीन कायद्याने भूमिहीनांना जमीन मिळाली, म्हणून मी त्याच्या सरसकट विरोधात नाही. पण धंदा वाढवायची वाट एकाला मोकळी आणि दुसऱ्याला बंद, हे काही गळी उतरत नाही.

असो. साहेबरावांना बऱ्याचदा 'पहिले' म्हणतात. मला ते पटत नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला, तेव्हाही कर्जात बुडालेली कुटुंबं होतीच. १९८६ साली फरक एवढाच, की ते सगळं घर एकदम गेलं आणि मोठा माणूस गेला, म्हणून महाराष्ट्र हादरला. हादरून काय केलं, तर मोजायलासुद्धा वेळ लावला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतकऱ्यांचे आकडे वेगळे द्यायला सुरुवात केली ती १९९५ पासून. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले ते २००६ च्या जुलैमध्ये, आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे चिलगव्हाणनंतर वीस वर्षांनी.

२०१७ पासून अंबाजोगाईच्या अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करायची पद्धत सुरू केली. कुठे रस्ता अडवायचा नाही, घोषणा नाहीत, नुसतं एक दिवस जेवायचं नाही. यंदा मीही केला. डबा नेलाच नाही. टीममधल्या एकाने विचारलं, 'आज कसला उपास?' मी कारण सांगितलं, त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला की त्याच्या आजोबांचीही बारामतीकडे विहीर होती. आम्ही अर्धा तास त्या विहिरीबद्दलच बोलत बसलो.

रात्री आईला फोन केला. ती तेव्हा यवतमाळला नवीनच लग्न होऊन आलेली, तिला त्या आठवड्यातले पेपर आठवतात. मी तिला सरपंचकीचं सांगितलं, भजनाचं सांगितलं. पेपरातली बातमी तिला पाठ होती, भजनाचं मात्र ठाऊक नव्हतं.

'भजनं म्हणत होते काय?' ती म्हणाली. 'मंग आवाज कसा होता रे त्याईचा? कोणी लिहून ठेवलं काय?'