ब्रेकच्या दुरुस्तीवरून नाव पडलेली शर्यत

१/ २१ ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावरून काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवर शर्यतीसाठी सुटले. माउंटन बाइकच्या इतिहासाचा हा आरंभकाळ.

२/ या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे; पेडल उलटे दाबले की तो लागे. सुमारे ४०० मीटरच्या उतारात हब इतका तापे, की आतील ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरणे आले. इंग्रजीत ते ‘रीपॅक’. शर्यतीचे नावही तेच पडले.

३/ पुढे सायकलीवर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला. त्याचा आधार १७व्या शतकातील ब्लेझ पास्कलचा नियम: बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो.

४/ मात्र द्रव जवळजवळ दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा शिरला, की लिव्हर हँडलला टेकतो आणि उतारावर सायकल थांबत नाही. उपाय ब्लीडिंग: हवा काढून उत्पादकाने सांगितलेलेच तेल भरणे.

५/ लिव्हर कडक, तरीही ब्रेक दुबळा? मग बहुधा पॅडला तेल लागलेले असते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॅड बदलावेत. साधने बदलली, उतरण्याआधी ब्रेक तपासण्याचा रीपॅकचा धडा मात्र कायम आहे.