खेड्यातला मास्तर कुठून यायचा?

हंटर आयोगापुढचे जोतीराव फुल्यांचे १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन मी पूर्वी वाचले ते सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत ती सक्ती असावी, असे त्यात आहेच. यंदा पुन्हा वाचताना मात्र थांबलो तो पगाराच्या आकड्यापाशी. खेड्यातल्या शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावात १५ ते २० द्यावेत, असे जोतीराव लिहितात.

हा शिक्षक प्रशिक्षित हवा, आणि शक्यतो शेतकरी समाजातला. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारा. या मागणीकडे केवळ ब्राह्मण पंतोजींविरुद्धची तक्रार म्हणून पाहिले जाते. तक्रार आहेच, आणि ती खरीही होती. सोवळ्याने दूर बसणारा मास्तर कुणब्याच्या पोराला काय शिकवणार? पण जोतीराव तिथे थांबत नाहीत. गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री यांसारखी कामेही मास्तरांकडे द्यावीत, म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल, असे ते सुचवतात. शाळेची तपासणी निदान दर तिमाहीला व्हावी, तीही आगाऊ सूचना न देता. मास्तराला गावचा कर्ता माणूस करायचे आणि त्याच्यावर नजरही ठेवायची, असा हा रोकडा हिशेब आहे. जोतीराव कंत्राटदारही होते, हे इथे आठवते.

या मागणीला संस्थेचे रूप आले ते पन्नासेक वर्षांनी, सत्यशोधकी वळणाच्याच माणसाच्या हातून. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्यांची कीर्ती या वसतिगृहामुळे अधिक. मला मात्र १९३५ चे साताऱ्यातले ग्रामीण शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज अधिक महत्त्वाचे वाटते. मुलगा वसतिगृहात आला तर एकटा शिकतो. तोच मास्तर होऊन खेड्यात गेला तर शाळा उभी राहते. १९३८ पासून शाळा नसलेल्या गावांत संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या आणि पुढे त्यांची संख्या पाचशेवर गेली.

यांतल्या बहुतेक एकशिक्षकी. मास्तर गावात पोचला, रुळलाही; पण सगळ्या इयत्ता एकाच खोलीत, एकाच्याच गळ्यात. तो तापाने पडला की त्या दिवशी गावाची शाळा बंद.