सफरचंदाच्या जागी पेरू

पौषातली सकाळ. कोल्हारच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या करकरत चालल्यात आणि तुम्ही ओसरीवर कॅनव्हास मांडून बसलात. समोरच्या भिंतीवर टाचणीनं लावलेली छापील प्रत आहे, बेल्जियमच्या रने माग्रितचं ‘द सन ऑफ मॅन’. बोलर हॅट, ओव्हरकोट, लाल टाय, पाठीमागे समुद्र, आणि चेहऱ्यासमोर अधांतरी हिरवं सफरचंद. तैलरंग शिकायला हेच चित्र निवडलंत, कारण नाक-ओठ काढायची कटकट नाही. (लबाडीच, पण शिकणाऱ्याला तेवढी माफ.)

आजी बाटलीचं बूच काढून हुंगते. “जवसाचं तेल व्हय? अन् मी उगा चटणीला जवस भाजत बसते!”

तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू ओढून घेत हळूहळू घट्ट होतं. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ करायचे, तेलकट थर नंतर. उलट केलंत तर वरचं आधी वाळतं, खालचं हलत राहतं आणि चित्राला भेगा पडतात.

रुमालाला कुंचला पुसून मान वर करता, तर ओसरी नाही. १९६४ साल आहे, गाव ब्रसेल्स. पायाशी एक पॉमेरेनियन कुत्रं घोटाळतंय. पासष्टीचा एक गृहस्थ सूट-टाय घालून चित्र रंगवतोय आणि बाहीवर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. कॅनव्हास ११६ बाय ८९ सेंटीमीटरचा. हॅरी टॉर्क्झिनर या वकील मित्रानं स्वतःचं चित्र काढून द्या म्हटलं, तर ह्यांनी तोंडापुढं फळ टांगलं!

तुम्ही मागं उभे राहून काहीतरी जादू दिसायची वाट बघता. दिसत नाही. कुंचल्याचा फटकारा नाही, रंगाचा जाड लपका नाही. तरुणपणी वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षी काढलेला, जाहिराती केलेला हा हात. गोष्ट स्वप्नातली, रंगवणं मात्र पाटी रंगवणाऱ्या पेंटरासारखं सरळ. मला विचाराल तर चित्रकार दालीच्या करामतीपेक्षा हे अवघड, कारण इथं चूक लपवायला जागाच नाही.

आणखी जवळ जा. डावा हात बघा. कोपर उलट्या बाजूला वळल्यासारखं आहे. ओसरीवर तुम्ही ते छापणाऱ्याची चूक समजून ‘सुधारलं’ होतं. सफरचंदाच्या कडेवरून डोळाही डोकावतोय. तो तर तुम्हाला दिसलाच नव्हता. नक्कल करायला बसलं की कळतं, आपण बघत नव्हतो, ओळखत होतो. टोपी म्हणून टोपी, हात म्हणून हात.

खिडकीबाहेर बघता तर १९१२. शातले गाव, सांब्र नदी. तेरा वर्षांच्या रनेची आई नदीत बुडून गेलीय. तिच्या तोंडावर कपडा गुंडाळलेला होता अशी कथा पुढे पसरली. अभ्यासकांना तिची खात्री नाही. झाकलेल्या चेहऱ्यांचा सगळा उलगडा या एका नदीतून काढायचा मोह होतो. आवरा तो, आणि निघा.

परत कोल्हारला, प्रवरेकाठी. ट्रॉल्या तशाच चालल्यात. कोपर खरवडून काढता आणि पुन्हा, उलटं, काढता. सफरचंदापाशी हात थांबतो. घरात सफरचंद नाहीच. राहात्याचा पेरू आहे, टोपलीतून घेऊन उंबऱ्यावर ठेवता. सफरचंदाची चकाकी त्याला नाही. उजेड सालीवरच्या बारीक खडबडीत विरतो. नळीतला हिरवा फार भडक पडतो, त्यात कणभर तांबडा घातला की तो शांत होतो. मग पिवळा, मग पांढरा, अगदी शेवटी.

“तोंड कुठंय ह्याचं?” आजी विचारते.

“पेरूमागं.”

“मग पेरू काढ की.”

काढू नका. ओला आहे. बोटाला रंग लागायचा थांबायलाच आठवडा जाईल, आणि वॉर्निशला सहा महिने तरी हात लावायचा नाही.