लोहगाव ते सोनेगाव

येरवड्यात राहणाऱ्याला विमानांचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. डोक्यावरून आवाज गेला की बोलणारा थांबतो, आवाज ओसरला की पुढचे वाक्य सुरू करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिशांनी लोहगावला हवाई दलाचा तळ उभारला. धावपट्टी आजही हवाई दलाचीच आहे, आपण प्रवासी तिथले पाहुणे. तरी निवृत्त होईपर्यंत मी विमानात बसलो नव्हतो. बसलो तो आईमुळे.

आई दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. गाठोड्यात भाकरी-चटणी, आणि रात्रीची गाडी. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत ही गाडी जवळजवळ ९०० किलोमीटर धावते. सोळा-सतरा तास सहज जातात. दौंड-मनमाड हा फाटा १८७८ साली झाला, तो दोन मोठे लोहमार्ग जोडण्यासाठी. पुण्याहून थेट नागपूर गाठावे, असा विचार त्यामागे नव्हता.

पुढे आईचे गुडघे गेले. "आता माझ्याच्यानं नाही होत," म्हणाली. मी विमानाची तिकिटे काढली. तिने विचारले, "किती लांब रे?" लोहगाव ते नागपूरचे सोनेगाव हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, आणि तिकिटावर लिहिलेला वेळ दीड तासाच्या आत. त्यातही हवेत तासभरच. उरलेली मिनिटे धावपट्टी गाठण्यात आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत येण्यात जातात.

हे अंतर आमच्या लोकांनी मात्र वेगळ्या घड्याळाने मोजले आहे. आमच्या घरापासून येरवडा तुरुंग चालत जाण्याइतका जवळ. तिथे गांधीजींचे उपोषण चालू असताना २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. येरवडा ते नागपूर हा प्रवास असा चोवीस वर्षांचा. आज सोनेगावच्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे.

विमान वर गेले. आई खिडकीला डोके टेकून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "येवला कधी यायचं?" गाडीत असताना बाबा तिला पहाटे हलवून उठवत आणि अंधारातच दोघे त्या गावाला हात जोडत. आमचे विमान येवल्याच्या दक्षिणेकडून शंभराहून अधिक किलोमीटर दूर चालले होते. मी तसे सांगितले. ती काही बोलली नाही.

परतताना माझा नातू शेजारी होता. त्याने विचारले, "पणजीआजी, येवल्यात काय आहे?" लोहगावला चाके टेकेपर्यंत ती सांगत होती. विमान थांबले, माणसे सामान काढू लागली, तरी तिचे बोलणे संपले नव्हते. आम्ही सर्वांत शेवटी उतरलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)