बिब्याचा डाग

दिवाळीचा फराळ सरत आला, की आमच्या घरी डिंकाच्या लाडवांचे वेध लागत. खारीक, खोबरे, तुपात फुलवलेला डिंक आणि वरून मूठभर गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्याच्या बीमधला गर, हे वाचकांमधल्या आजीबाईंना सांगायला नको. पण त्या बीच्या कवचात जे काळे तेल असते, ते अंगाला लागले तर कातडी होरपळून निघते, हे लहान मुलांना सांगायलाच हवे. मी एकदा ते सांगितले नाही, म्हणून हा लेख.

गोष्ट १९५८ सालच्या नाताळच्या सुट्टीतली. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या आमच्या औरंगाबादेला मुंबईहून आत्याबाई आल्या होत्या. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षे झाली होती, आणि आता येणेजाणे वाढणार या आनंदात सारे घर होते. एके दिवशी आम्ही कन्नडकडच्या डोंगरात वनभोजनाला गेलो. तिथे बिब्याचे झाड होते. या फळाची घडणच मोठी गमतीची. देठाकडचा भाग फुगून नारिंगी, रसाळ होतो आणि त्याच्या टोकाला काळी, चकचकीत, हृदयाच्या आकाराची बी लटकते. नारिंगी भाग वाळवून खातात. बी मात्र जाणत्यानेच फोडावी. मला हे ठाऊक होते. तरी माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या आतेभावाच्या हातात ती ठेवून मी म्हणालो, "फोड की, आत बदाम आहे." त्याने दातांनी फोडली.

त्या दिवशी ओठ थोडे चुरचुरले, एवढेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र पोराचे ओठ सुजलेले, डोळे मिटलेले आणि गालांवर पाण्याने भरलेले फोड. आजीने ओले खोबरे वाटून लावले. आत्याबाईंनी रडत रडत तिलाच धारेवर धरले, "आई, तूच काहीतरी खाऊ घातलंस त्याला!" आजीने आदल्या रात्री त्याला गोडंबीचा लाडू दिला होता, म्हणून ती बिचारी खाली मान घालून उभी राहिली. मी दाराआड होतो. मुलगा थोडा सावरताच आत्याबाई मुंबईला निघून गेल्या, त्या पुढे कित्येक वर्षे माहेरी फिरकल्या नाहीत. कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. आमच्या घरात तो मी अक्षरशः घातला होता.

तेव्हापासून या फळाचा माग काढण्याचा मला छंदच जडला. संस्कृतात त्याला भल्लातक म्हणतात, आणि अरुष्कर असेही एक नाव आहे. अरुष्कर म्हणजे व्रण करणारा. म्हणजे आमच्या पूर्वजांना त्याची जात पुरती ठाऊक होती. तरीही चरकसंहितेत भल्लातकाची रसायने सांगितली आहेत, आणि बुद्धी व स्मरणशक्ती वाढविण्यासाठी त्याची ख्याती पार पश्चिमेकडे पसरली. हकीम त्याला बलादुर म्हणतात. नवव्या शतकात बगदादेत एक मोठा इतिहासकार होऊन गेला. अरबांनी सिंध कसा जिंकला याची हकिकत त्याच्या ग्रंथात सापडते. त्याचे नाव अल्-बलादुरी. स्मरणशक्तीसाठी बलादुराचा रस प्याल्याने त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. कोणी म्हणतात, तो रस प्याला त्याचा आजा. इतिहासकाराने स्मरणशक्तीच्या हव्यासापायी भान गमवावे, आणि इतिहासाने त्याला त्याच फळाच्या नावाने लक्षात ठेवावे! औरंगाबादेतल्या हकिमांच्या दुकानांवरून जाताना मला त्याची हटकून आठवण येई.

युरोपातल्या जुन्या औषध विकणाऱ्यांनी बिब्याला त्याच्या आकारावरून 'अनाकार्डियम' म्हटले. लिनियसने पुढे ते नाव काजूला बहाल केले. काजू, आंबा, बिब्बा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. अमेरिकेतली पॉइझन आयव्ही आणि पॉइझन ओक ही त्यांचीच चुलत भावंडे. जपानात ज्या झाडाच्या रसाने भांड्यांना चकचकीत लेप देतात, त्या उरुशीवरून या दाहक तेलाला उरुशिऑल हे नाव मिळाले. बिब्यातल्या त्याच्या सोयऱ्याला पिल्ले आणि सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ साली भिलावनॉल म्हटले.

परीट मंडळींचा तर हा पिढीजात सोबती. बिब्याच्या तेलात चुना मिसळून कपड्याच्या कोपऱ्यावर खूण केली, की ती कितीही धुतली तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, बरोबर त्या खुणेच्या जागी, पुरळ उठू लागले. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात 'धोबी मार्क'चा हा त्वचारोग नोंदविला. धोब्याची एक काळी खूण सैनिकाला पुरून उरली!

असे का व्हावे? हे तेल नुसते भाजत नाही. शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते आणि एकदा ओळख पटली, की विसरत नाही. म्हणून पुरळ बहुधा एकदोन दिवसांनी उठते, आणि एकालाच उठते, दुसऱ्याला नाही. तेल लागल्याबरोबर साबण आणि भरपूर गार पाण्याने धुवावे, नखांखालीही. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. फोडातल्या पाण्याने रोग पसरत नाही, पसरते ते नखांत राहिलेले तेल. अशी झाडे जाळू नयेत, धूर छातीत जातो. चेहरा किंवा डोळे सुजले, तर घरगुती लेपांत वेळ न दवडता डॉक्टरकडे जावे. अमुक एक बिब्याचे चटके दिल्याने सांधे मोकळे झाले असे सांगणारे अजून भेटतात. त्यांच्या गुडघ्यांवरचे डाग मात्र मी पाहिले आहेत.

माझा आतेभाऊ पुढे न्यू जर्सीला स्थायिक झाला. परवा त्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता त्याने तिथल्या पहिल्या उन्हाळ्याची हकिकत सांगितली. अंगणातली वेल उपटली आणि तो नखशिखान्त सुजला. पहिल्याच खेपेला इतके कसे, म्हणून डॉक्टरने विचारले, "याआधी कधी असे झाले होते का?" तेव्हा त्याला कन्नडचा डोंगर आठवला.

मी म्हणालो, "ती बी तुझ्या हातात मी ठेवली होती. बदाम आहे असं सांगून."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, हे तू आजीला सांगितलं होतंस का?"

आजी १९७१ सालीच गेली होती.